जुन्या टर्बो गाडीचा बेल्ट तुटेपर्यंत थांबायचे का?

यवतेश्वर (सातारा)
काल इथे कृष्णाकाठ यांनी लिहिले की, जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या टर्बो गाडीचे फक्त ऑइल बदलत राहावे आणि बाकीचे बंद पडेल तेव्हा पाहावे. हे वाचून राहवले नाही. त्या १.८ लिटर, २० व्हॉल्व्हच्या इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, इंजिनाचे हेड उतरवावे लागते आणि मग निघणाऱ्या खर्चापुढे गाडीची आजची किंमतही थिटी पडते. बेल्ट किलोमीटरने जितका झिजतो तितकाच वयानेही संपतो. त्यामुळे रविवारी कासपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीलाही यातून सूट नाही. त्याच बेल्टवर इंजिन थंड ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, फिरवणारा वॉटर पंप चालतो, म्हणून पंप, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि बेल्ट एकाच वेळी बदलावेत, कारण तिथवर पोहोचण्याची मजुरी तीच असते. काही जुन्या पंपांचे प्लास्टिकचे पंखे तडकतात, दांडा फिरत राहतो आणि कूलंट मात्र जागचे हलत नाही. घाटात तापमानाचा काटा वर चढू लागला की लोक थर्मोस्टॅटला (कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेला) दोष देतात.

कृष्णाकाठ (सांगली)
तुमचे म्हणणे पुस्तकात शोभते. माझ्या फियाट लिनिया टी-जेट या टर्बो गाडीला एका गॅरेजने ओरिजिनल म्हणून इग्निशन कॉइल बसवली, बिलही तसेच लावले, आणि महिनाभरात गाडी पुन्हा मिसफायर करू लागली, म्हणजे ठिणगी चुकून झटके देऊ लागली. एकदा असे तोंड पोळल्यावर मी हजारोंचा बेल्ट कोणाच्या भरवशावर टाकू? शिवाय ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सीलच धोक्यात आले असताना बेल्टचे काय घेऊन बसलात?

उसाचा मळा (वाळवा)
गॅरेजवाल्याने फसवले, त्याचे खापर इथेनॉलवर का फोडता? उसापासून इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलरीचा पैसा हाती असला म्हणजे कारखान्याला आमचे उसाचे बिल वेळेवर देणे सोपे जाते. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे तुमच्या टर्बोला नॉकिंगपासून (इंधन अवेळी पेटून इंजिनात बसणाऱ्या ठोक्यांपासून) संरक्षणच मिळते. शहरात बसून शेतकऱ्याच्या मालाच्या नावाने बोटे मोडणे थांबवा.

कृष्णाकाठ
आमचाही ऊस कारखान्याला जातो, तेव्हा मला शेतकरी शिकवू नका. वाढीव ऑक्टेनचा पुरेपूर फायदा मिळायला इंजिनाचे ट्यूनिंग तसे असावे लागते. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, आणि ई१० साठी (१० टक्के इथेनॉलसाठी) ट्यून केलेल्या जुन्या चारचाकींचे मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटेल असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई२० साठी बनवले, मग आधीच्या गाडीमालकांनी काय करायचे?

पाना-पकड (मिरज)
मी याच कामावर पोट भरतो, म्हणून सांगतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ई२० चा त्रास जास्त होतो, कारण इथेनॉल ओलावा ओढून घेते. इंधनाची नळी गाडी थंड असताना बोटांनी दाबून पाहावी. ती कडक झाली असेल, वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील किंवा क्लिपजवळ ओलसर असेल, तर इथेनॉल सोसणारी नळी टाकावी. हा खर्च किरकोळ आहे. बेल्टबाबत मात्र यवतेश्वर यांचेच खरे आहे. डुप्लिकेट मालाची भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे सीलबंद खोका आपल्यासमोर फोडायला लावणे आणि काढलेला जुना भाग घरी नेणे. चांगला मेस्त्री याला कधीच नाही म्हणत नाही.

उसाचा मळा
जुन्या गाड्यांसाठी पंपावर ई१० चा पर्याय ठेवायला हवा होता, एवढे मी मान्य करतो. त्यापुढे एक शब्दही नाही.

कृष्णाकाठ
या महिन्यात बेल्ट आणि पंप बदलून घेतो, पण खोका माझ्यासमोर फुटला तरच. गिअरबॉक्सचे ऑइल मात्र बदलणार नाही. गिअर सुरळीत पडत असताना त्याला हात लावण्याची गरज मला पटत नाही.

यवतेश्वर
बेल्टबाबतही तुम्ही कालपर्यंत हेच म्हणत होता. ते ऑइल काढताना ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर, तो असेल तर, किती लोखंडी भुकटी चिकटली आहे ते पाहा आणि फोटो इथे टाका, मग बोलू.