अनुभव धागा: पावसात, थंडीत गाडी मिसिंग करते तेव्हा

गेल्या आठवड्यात त्र्यंबकहून येताना महिरावणीच्या अलीकडे माझ्या मोटरसायकलने मिसिंग करायला, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवून अडखळायला, सुरुवात केली. १५० सीसी, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), दहा वर्षं जुनी. भुरभुर पाऊस होता. सपाटीला हळू चालवली तर ठीक, पण थोडा चढ आला आणि रेस दिली की झटके, सायलेंसरमधून फट्‌फट्‌. मागे आई बसलेली. तासाभराचं अंतर कसंबसं दोन तासांत कापलं. रात्रभर पार्किंगमध्ये उभी राहिली आणि सकाळी एकदम ठणठणीत. मेकॅनिककडे नेली तर तिथेही छान चालली. त्याने इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. दोन दिवसांनी पाऊस आला, पुन्हा तेच.

आपल्याकडे नाशिक भागात चार महिने पाऊस, पाठोपाठ कडाक्याची थंडी. हे अनेकांना भोगावं लागलं असणार. मला नुसतं ‘काय बदललं’ नकोय. गाडी नेमकी कधी मिसिंग करायची आणि दोष कुठे आहे हे तुम्ही कशावरून ओळखलंत, ते वर आपल्या गावाचं किंवा भागाचं नाव टाकून जरूर लिहा.

सातपूर

माझी पहिली शिफ्ट, सकाळी सहाला निघते. दोन पावसाळे हाच त्रास काढला. कार्बोरेटरचं किट बदललं, ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल बदलली, बराच खर्च झाला. शेवटी बाबांनी एका रात्री पार्किंगमधला दिवा बंद करायला लावला, गाडी चालू ठेवली आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन प्लगच्या कॅपवर (प्लगवर बसणारं वायरचं रबरी टोपण) बारीक फवारा मारला. अंधारात कॅपपासून इंजिनापर्यंत निळसर धागा तडतडत पळताना दिसला आणि त्याच क्षणी इंजिन अडखळलं. उजेडात कॅप नीट पाहिली तर केसाएवढी चीर होती, त्यात काळी रेघ. नवी कॅप स्वस्तात आली. पुढचा पावसाळा एकदाही थांबले नाही. एवढंच सांभाळा, फवारा मारताना वायरला किंवा कॅपला हात लावू नका, जबर झटका बसतो.

ओझर

ताईंच्या वडिलांनी अगदी योग्य केलं. मी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलं, म्हणून कारण सांगतो. कॉइलमधून हजारो व्होल्टची वीज निघते आणि ती नेहमी सोपी वाट शोधते. कॅप किंवा कॉइलपासून प्लगपर्यंतची वायर चिरलेली, वरून चिखल आणि ओल. मग तिला प्लगच्या टोकापर्यंत जायचं कारणच उरत नाही, ती बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूत उतरते. रेस दिल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो. दाबाखाली ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात, म्हणून उभ्या गाडीला काही होत नाही आणि चढाला मिसिंग सुरू होतं.

त्यामुळेच प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून, किक मारून “ठिणगी येतेय की” म्हणणं पुरेसं नाही. मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते, आत दाबाखाली पडेलच असं नाही. तीच परीक्षा करायची असेल तर निदान सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या आणि प्लगचं भोक फडक्याने झाका.

आणि प्लग काढलाच आहे तर त्याच्याकडे नीट बघा. फिकट तपकिरी असेल तर जळण चांगलं. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोलने ओला निघाला तर ठिणगीवर संशय घ्या. प्लगच्या टोकांमधली फट म्हणजे गॅप गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच ठेवा, अंदाजाने ठोकू नका.

इगतपुरी

आमच्याकडे पाऊस म्हणजे पाऊस. माझ्या गाडीची लक्षणं वेगळी होती. भिजली म्हणून लगेच मिसिंग नाही. रात्रभर उघड्यावर उभी राहिली की सकाळी दोन-तीन किलोमीटरवर गचके खाऊन बंद. उन्हात वाळवून काही फरक नाही. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं तर खाली पाण्याचा वेगळा थर! टाकीच्या झाकणाभोवती जमणारं पाणी खाली जायला बारीक नळी असते, ती मातीने बुजली होती. पाणी झाकणाशी साचून टाकीत झिरपत होतं. नळी तारेने मोकळी केली, टाकी रिकामी करून धुतली.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, म्हणून बाटलीत थर दिसला नाही तरी पाणी नाहीच असं समजू नका.

निफाड

मी थंडीचं लिहितो. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवायला आम्हाला चारला बाहेर पडावं लागतं. गाडी पहिली पाच मिनिटं मिसिंग करायची, गरम झाली की ठीक. पावसाचा थेंब नाही, म्हणजे ओलीचा प्रश्नच नव्हता. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक लागतो. माझ्या चोकची केबल अडकून तो अर्धाच लागत होता. केबलला तेल दिलं, काम झालं. उलटंही झालंय: भाऊ चोक बंद करायला विसरला, आठवडाभरात प्लग काळाकुट्ट. तेव्हा आधी बघा, मिसिंग गार इंजिनाला होतं की ओल्या.

नाशिकरोड

सर्व्हिसिंगनंतर प्रेशरने धुतली की दोन दिवस मिसिंग. प्लग बसतो त्या खड्ड्यात पाणी साचत होतं. ते निघून जायचं बारीक भोक चिखलाने बंद. तारेने उघडलं. बाकी काही नाही.

सिडको

२०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना चोक नाही, कार्बोरेटर नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवा, मेकॅनिकला त्यावरून दोषाचा कोड कळतो. माझ्या गाडीत बॅटरीचं टर्मिनल हिरवं पडलं होतं. थंडीत सेल्फ मारला की व्होल्टेज इतकं पडायचं की सगळंच अडखळायचं. आणि मिसिंग करणारी गाडी दामटून चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेंसरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. तो भाग फार महाग आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दिवा बंद करून फवारा मारला. कॅपवर काहीच नाही. निराश होऊन थांबणार होतो, पण ओझरच्या काकांनी वायरचंही लिहिलं होतं, म्हणून टाकीखाली जिथे वायर फ्रेमला घासत जाते तिथे मारला. तिथे निळी ठिणगी चटचट करत फ्रेमवर उडाली! सकाळी टाकी उतरवली. वायरचं रबर घासून तांब्याची तार दिसायला लागली होती, बोटाच्या पेरापेक्षाही कमी जागा. या गाडीत वायर कॉइलला जोडलेलीच येते, म्हणून दोन्ही मिळून बदलली आणि नवी वायर फ्रेमपासून लांब बांधली. मग फवाऱ्याने पुन्हा भिजवली, अंधारात दहा मिनिटं रेस देऊन पाहिली. ठिणगी नाही, मिसिंग नाही. रविवारी पाऊस असला तर आईला घेऊन पुन्हा त्र्यंबकला निघतोय.