श्रद्धा, विश्वास आणि मध्येच येणारं ‘शास्त्र’

शंका

धर्म आणि आजचे सामाजिक प्रश्न या विषयावरची चार-पाच पुस्तकं लागोपाठ वाचून काढली. काही धर्माची बाजू घेणारी, काही त्याला झोडपणारी. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच खटकली. लेखक ‘श्रद्धे’ने सुरुवात करतो, चार ओळींनी ‘विश्वास’ लिहितो आणि परिच्छेद संपताना ‘आस्थे’वर येतो. जणू तोच शब्द पुन्हा नको म्हणून दुसरा घेतला. हे शब्द खरंच एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘अंधश्रद्धा’ म्हणजे श्रद्धाच, फक्त बिघडलेली, की ती चीजच वेगळी?

प्रतिसाद

माझ्या मते चालत नाहीत. शब्दकोश उघडण्याआधी या शब्दांबरोबर येणारी क्रियापदं बघा. विश्वास बसतो, उडतो, तो संपादन करावा लागतो, आणि त्याचा घातही होतो. विश्वासघात आहे, पण ‘श्रद्धाघात’ असा शब्द मराठीने काही घडवला नाही. श्रद्धा जडते, डळमळते, ढळते. ती वाहताही येते, म्हणून श्रद्धांजली. भाव धरायचा असतो. आस्था वाटते, आणि तिला देव लागतोच असं नाही: आजाऱ्याची चौकशी आपण आस्थेने करतो, विश्वासाने नव्हे.

विश्वासाला समोर कोणीतरी लागतो, तो मोडू शकेल असा कोणीतरी. श्रद्धेचं मुख्य ठिकाण आपल्याच आत असतं. संविधानाच्या उद्देशिकेतला क्रम आठवा: ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना’. एका स्वल्पविरामाने दोन शब्द वेगळे ठेवलेत. शाळेत आपण ते घडाघडा म्हणून टाकले, एवढंच.

अंधश्रद्धेबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. भोंदू बाबाने कुणाला लुबाडलं की आपण म्हणतो, ‘त्याच्या श्रद्धेचा गैरफायदा घेतला’. पण तिथे मोडला गेला तो विश्वास. एका माणसाने शब्द दिला, पैसे घेतले आणि फसवलं. याला श्रद्धेचा बिघाड म्हटलं की दोष अलगद फसलेल्याच्या माथी जातो आणि फसवणारा बाजूला उभा राहून हळहळतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आधी वटहुकूम आणि मग २०१३ सालातच जो कायदा झाला, त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. ‘श्रद्धा’ नाही आणि ‘अंधश्रद्धा’ही नाही. कृती मोजता येते, मनातलं मोजता येत नाही. कायद्याचं नाव पुष्कळ पुस्तकांपेक्षा काटेकोर निघालं म्हणायचं.

आक्षेप

क्रियापदांचा नियम फार ताणू नका. ‘माझी त्या डॉक्टरांवर श्रद्धा आहे’ असं लोक सर्रास म्हणतात, आणि ते काही आतल्या ठिकाणाबद्दल बोलत नसतात. उलट मराठी बायबलात ‘विश्वास, आशा, प्रीती’ ही तिन्ही देवाच्या संदर्भात येतात. तिथे विश्वास शब्द धर्माच्या अगदी गाभ्यात आहे. मग तुमची वाटणी कुठे राहिली?

प्रतिसाद

डॉक्टरांचं मान्य. (पण ‘श्रद्धा’ म्हटलं की दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याची सोय संपते, हेही बघा.) बायबलचं उदाहरण मात्र मला माझ्याच बाजूचं वाटतं. तिथला देव वचन देतो, करार करतो. वचन देणारा समोर आहे म्हणूनच अनुवादकांना ‘विश्वास’ नेमका सापडला असावा.

मूळ प्रश्नातलं एक गृहीत राहून गेलं. श्रद्धा म्हणजे प्रश्न न विचारणं, हा अर्थ आपल्या इतका अंगवळणी पडलाय की ‘डोळस श्रद्धा’ असा वेगळा शब्द करावा लागला. जुन्या वाङ्मयात श्रद्धेला चष्मा लागत नव्हता. कठोपनिषदाची सुरुवात बघा. बाप यज्ञात दक्षिणा वाटतोय, आणि गाई कशा? पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. तेव्हा पोरवयाच्या नचिकेताबद्दल उपनिषद म्हणतं: ‘श्रद्धाविवेश सोऽमन्यत’. श्रद्धा त्याच्यात शिरली आणि तो विचार करू लागला. मग बापाला त्याने तीनदा विचारलं, मला कोणाला देणार? श्रद्धा शिरल्याचा पहिला परिणाम म्हणजे घरातल्या धर्मकृत्याबद्दल अवघड प्रश्न. हे वाक्य मी तरुणपणी चारदा तरी वाचलं असेल आणि चारही वेळा पुढच्या यमसंवादाच्या ओढीने त्यावरून घसरलो.

गीतेचं सतरावं प्रकरण तर श्रद्धेला सरसकट चांगलं म्हणतच नाही. सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार करतं. तामसांमध्ये भुताखेतांची पूजा करणारेही आहेत. म्हणजे वाईट श्रद्धा ही कल्पना बाहेरून आलेली नाही, फक्त तिला ‘अंध’ म्हटलेलं नव्हतं. आणि तो ‘अंध’ मला एरवीही खुपतो. हाताने चाचपून खात्री करून घेतल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्यांच्या नावावर आपण बिनखातरीचा कारभार खपवतोय.

दुसरी शंका

याच पुस्तकांतला ‘शास्त्र’ हा शब्दही घ्या ना. ‘यामागे शास्त्र आहे’ हे वाक्य दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत सापडलं. एकाने ते ग्रंथाच्या आधारावर लिहिलं होतं, दुसऱ्याने प्रयोगशाळेच्या.

प्रतिसाद

खरी गोम इथेच आहे. श्रद्धा-विश्वासाची गल्लत निष्काळजीपणाची असते, ‘शास्त्रा’ची कधीकधी सोयीची असते.

शास्त्र हा शब्द ‘शास्’ धातूवरून आला. शासन, अनुशासन, शिष्य ही त्याचीच भावंडं. सांगतं, आज्ञा देतं ते शास्त्र. गीतेत ‘तस्माच्छास्त्रं प्रमाणं ते’ येतं ते या अर्थाने: काय करावं, काय करू नये हे ठरवताना प्रमाण. पुढे नव्या विद्यांना मराठी नावं द्यायची वेळ आली तेव्हा हाच शब्द पुढे आला आणि रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, मानसशास्त्र तयार झाली. त्यामुळे आज शास्त्री एक सांगतात आणि शास्त्रज्ञ दुसरंच, आणि दोघांच्याही नावात तेच शास्त्र. ‘शास्त्रीय’ने तर कहर केला. शास्त्रीय संगीत, शास्त्रीय कारण, शास्त्रीय विधी: तीन ठिकाणी तीन अर्थ.

आता ‘यामागे शास्त्र आहे’ हे वाक्य परत वाचा. सुरुवात आज्ञेच्या अर्थाने होते, आणि कोणी ‘का?’ विचारलं की वाक्य गुपचूप प्रयोगाच्या अर्थाकडे सरकतं. प्रयोग दाखवा म्हटलं की पुन्हा आज्ञेत. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कविद्येत (हे आणखी एक शास्त्र!), याला वाक्छल म्हणतात. ‘नवकंबल’ हे त्याचं नेहमीचं उदाहरण, कारण संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवं आणि नऊही: बोलणारा म्हणतो याच्याकडे नवं कांबळं आहे, समोरचा म्हणतो नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय. कांबळ्याच्या बाबतीत हसून सोडून देता येतं. पाळीच्या शिवाशिवीला किंवा विधवेच्या कुंकवाला ‘शास्त्र’ म्हटलं की त्या बाईला कोणत्या शास्त्राशी वाद घालायचा तेच कळत नाही.

आणि सामान्य माणसाने या शब्दाचं काय केलं? ‘शास्त्रापुरतं’ म्हणजे नावाला, अगदी थोडंसं. आणि आता ‘शास्त्र असतं ते!’ ही थट्टा. भाषेने शास्त्रीबुवांना कधीच चिमटा काढून ठेवलाय.

पुरवणी

‘सामाजिक समस्या’बद्दलही दोन ओळी. संस्कृतात समस्या म्हणजे श्लोकाचा एखादा चरण देऊन बाकीचा पुरा करायला सांगणं, म्हणून समस्यापूर्ती. प्रश्नाला उत्तर असतं, समस्येला पूर्ती. जुने मराठी लेखक हुंड्याचा प्रश्न, अस्पृश्यतेचा प्रश्न म्हणत. मला ‘प्रश्न’ जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो कोणाला तरी विचारलेला असतो. समस्या आभाळातून पडल्यासारखी येते, तिला कर्ता लागत नाही.

अवांतर

ग्रंथ, पोथी आणि पुस्तक यांतही भेद आहे. पोथी लावतात, तिचं पारायण करतात. पुस्तक नुसतं वाचतात. जोतीराव फुल्यांचं शेवटचं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालं, त्याचं नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. धर्मावरचं आणि तरी ‘पुस्तक’. देवासाठीही त्यांचा शब्द वेगळा: निर्मिक. ही निवड मला तरी सहज झालेली वाटत नाही.

आणि ‘इमान’ कोणी घेतलंच नाही! अरबीत धर्मश्रद्धा, मराठीत आलं ते खाल्ल्या मिठाला जागणं होऊन. इथे कुत्रंसुद्धा इमानी असतं. ‘इमानेइतबारे’मध्ये तर इमान आणि इतबार, म्हणजे निष्ठा आणि विश्वास, दोघांना एकाच जोखडाला जुंपलंय.

मूळ शंकाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल त्यांतलं एक पुस्तक पेन्सिल घेऊन पुन्हा उघडलं. जिथे जिथे ‘शास्त्र’ आलं तिथे आकडा घातला: ग्रंथाची आज्ञा असेल तर १, प्रयोग असेल तर २, नुसती रीत असेल तर ३. एका पानावर तिन्ही आकडे पडले, तेही एकाच युक्तिवादात. मजा अशी की ज्या पुस्तकाशी मी सहमत आहे, त्यातही दोनदा असंच झालं.

एका ठिकाणी मात्र अडलोय. ‘हा विधी शास्त्रशुद्ध पद्धतीनेच व्हावा’. इथे कोणता आकडा घालू?