मदत हवी आहे: कोकोपीटमधील टोमॅटो आणि अमोनियम सल्फेट – नुकसान आम्लतेमुळे की अमोनियममुळे?

नमस्कार. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही काही रहिवासी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कुंड्यांत भाजीपाला लावतो. नत्रासाठी सर्व कुंड्यांना पाण्यात विरघळवलेले अमोनियम सल्फेट दिले जाते. याच खतावर अळू जोमाने वाढले आहे आणि एका टबात हौसेने लावलेला भातही हिरवागार आहे. टोमॅटोची रोपे मात्र खुरटली आहेत, खालच्या पानांच्या कडा करपत आहेत, मुळे आखूड व तपकिरी दिसतात आणि जी थोडी फळे धरली त्यांच्या बुडाशी काळा डाग पडतो. कीड किंवा बुरशी आढळलेली नाही.

वाचनातून जे समजले ते आधी मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना प्राथमिक गोष्टींपासून सुरुवात करावी लागणार नाही. मुळाने घेतलेले अमोनियम ग्लुटामिन सिंथेटेज हे विकर (एन्झाइम) एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्चून ग्लुटामेट या अमिनो आम्लाला जोडते आणि ग्लुटामिन तयार होते. पुढे ग्लुटामेट सिंथेज हे दुसरे विकर त्यातील नत्र 2-ऑक्सोग्लुटारेट या कार्बनी सांगाड्यावर चढवते आणि ग्लुटामेटचे दोन रेणू मिळतात. नायट्रेटला (मुळे घेतात ते नत्राचे दुसरे रूप) अमोनियमच्या टप्प्यापर्यंत पोहोचण्यासाठीच आठ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे हिशेबाने अमोनियम वनस्पतीला स्वस्त पडायला हवे. शिवाय पानात प्रकाशश्वसनाच्या वेळी (उजेडात प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडणारी क्रिया) ग्लायसीन या अमिनो आम्लापासून जे अमोनियम सुटते, ते मुळांनी नव्याने घेतलेल्या नत्राच्या कित्येक पट असू शकते, आणि हरितलवकातील ग्लुटामिन सिंथेटेज ते लगोलग पुन्हा बांधून टाकते. ज्या बार्लीच्या उत्परिवर्तित रोपांत हे विकर नव्हते, ती साध्या हवेत मरत होती आणि कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत, जिथे प्रकाशश्वसन दबते, तगत होती. इतकी यंत्रणा पानात असताना मुळाशी दिलेल्या अमोनियमने टोमॅटो का कोलमडावा, हे कोडे मला त्यामुळे अधिकच गुंतागुंतीचे वाटते.

संभाव्य कारणे चार दिसतात. पहिले कार्बनचे: मुळाला अमोनियम तिथेच बांधावे लागते, त्यासाठी पानाकडून साखर यावी लागते, आणि जुलैच्या ढगाळ हवेत मुंबईत ती कमीच पडणार. दुसरे ऊर्जेचे: बार्लीवरील 2001 सालच्या एका संशोधनानुसार मुळाच्या पेशी अमोनियमचा शिरकाव रोखू शकत नाहीत, आत आलेले मोठ्या प्रमाणावर पुन्हा बाहेर ढकलतात आणि त्यात श्वसनाचा खर्च वाढतो, भातात हा व्यर्थ खटाटोप होत नाही. तिसरे आम्लतेचे: अमोनियम घेणारे मूळ बाहेर हायड्रोजन आयन सोडते, आणि तलावांतून येणारे आपल्या नळाचे पाणी सौम्य असल्याने त्यात सामू (pH) सावरून धरणारे बायकार्बोनेट फारसे नसते. चौथे स्पर्धेचे: अमोनियममुळे पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी शोषले जाते. फळाच्या बुडाशी पडणारा डाग कॅल्शियमच्या कमतरतेचा आहे, याबद्दल मला शंका नाही; प्रश्न आहे तो मुळांच्या अवस्थेबद्दल.

कॅल्शियम नायट्रेट द्या, असे उत्तर येईल याची कल्पना आहे. ते योग्यच आहे, आणि निम्म्या रोपांना ते सुरूही केले आहे. उरलेल्या रोपांवर मात्र मला तिसरे कारण इतरांपासून वेगळे करून पाहायचे आहे, आणि नेमकी तिथेच अडचण येते. खडूची (कॅल्शियम कार्बोनेटची) पूड घालून सामू वर आणला तर कॅल्शियमही मिळते. ते टाळण्यासाठी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरावे, तर पोटॅशियम स्वतःच अमोनियमचा त्रास कमी करते. म्हणून एका कुंडीत खडू आणि दुसरीत जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), असा विचार आहे. जिप्सममधून कॅल्शियम मिळेल, पण आम्लता जाणार नाही. तरीही एक फट उरते, कारण सामू वाढताच नत्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना बळ मिळते आणि अमोनियमचे नायट्रेट होऊ लागते. खडूच्या कुंडीतले रोप सुधारले तर श्रेय आम्लता गेल्याला द्यायचे की नायट्रेट तयार झाल्याला?

नत्रीकरण रोखण्यासाठी निंबोळी पेंड घालावी असे सुचते. युरियाला कडुनिंबाचे आवरण देण्यामागेही हाच हेतू आहे. परंतु पेंडीत स्वतःचे नत्र असते आणि ते कुजताना आणखी अमोनियम सुटते. तेवढाच परिणाम साधणारे, पण नत्र न वाढवणारे कडुनिंबाचे तेल कोकोपीटमध्ये मिसळल्यास मुळांना अपाय होतो का, हे कोणी करून पाहिले असल्यास कृपया लिहावे. भाताच्या टबाचा पुरावाही मी जपूनच वापरतो आहे, कारण भाताच्या मुळांतून प्राणवायू झिरपतो आणि मुळालगत थोडे नायट्रेट तयार होते, त्यामुळे ते रोप निव्वळ अमोनियमवर जगते असे म्हणता येत नाही.

सर्वांत निकडीची मदत मोजमापाबाबत हवी आहे. मत्स्यालयासाठी मिळणारा, थेंब टाकून रंग पाहण्याचा अमोनिया व नायट्रेट चाचणीचा संच माझ्याकडे आहे, पण कुंडीतून निथळणारे पाणी कोकोपीटमुळे चहासारखे तपकिरी असते आणि त्यात रंग ओळखता येत नाही. कोळशातून गाळल्यास रंग जाईल. मात्र सोबत अमोनियम किंवा नायट्रेटही अडकून राहील का? दुसरे असे की, कोकोपीट अमोनियम धरून ठेवते, त्यामुळे निथळ्यातील आकडा खऱ्यापेक्षा कमी येणार. माती परीक्षणात पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने ते सोडवून घेतात. घरी त्यासाठी म्युरेट ऑफ पोटॅश (खत म्हणून मिळणारे पोटॅशियम क्लोराइड) वापरता येईल का, आणि त्यातील क्षारांमुळे या संचाचा रंग बिघडतो का? प्रयोगशाळेत काम केलेल्या सदस्यांनी द्रावणाचे आणि कोकोपीटचे प्रमाण सुचवल्यास खडू व जिप्समच्या कुंड्या त्यानुसारच सुरू करेन.