संडे स्कूलच्या मुलाने विचारलं, आपण मेंढरं का?

प्रश्न:
सर्वांना सलाम. मी चर्चमध्ये संडे स्कूल घेते. रविवारी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय चालू होता, "उत्तम मेंढपाळ मी आहे", तर सहावीतला एक मुलगा म्हणाला टीचर, आमचे सर तर ओरडतात मेंढरासारखे एकमेकांच्या मागे जाऊ नका, मग प्रभू आपल्याला मेंढरं का म्हणतो? तेव्हा काही सुचलं नाही आणि घरी आल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. कसं समजावू?

उत्तर १:
ताई, त्याच अध्यायात ३ ते ५ वचनं वाचून दाखवा. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात म्हणून मागे जातात, परका आला तर पळतात. कुणाच्याही मागे जायचं ते हे नव्हेच. आमच्या शेतात खताला धनगर मेंढरं बसवतात. एकदा दोघांची मेंढरं ओढ्यावर पाण्याला एकत्र झाली, मला वाटलं आता वेगळी करण्यातच अंधार पडणार. एकाने जिभेने टर्रर्र केलं आणि चालायला लागला, मागे वळून पण नाही बघितलं. त्याची तेवढीच निघाली. मी तसाच आवाज काढून बघितला तर एकानेही मान वर केली नाही.

उत्तर २:
मुलांना या उत्तम मेंढपाळाची चित्रं दाखवा. रोममध्ये प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत ३ ऱ्या शतकातलं आहे, बिनदाढीचा तरुण, खांद्यावर जनावर. आणि आपल्या गोव्यात १७ व्या शतकात हस्तिदंतात कोरायचे ते तर फारच गोड, टेकडीवर बाळ येशू गालाला हात लावून डोळे मिटून बसलाय, एक कोकरू खांद्यावर एक मांडीवर, खाली झऱ्यावर मेंढरं पाणी पितायत. लंडन, लिस्बनच्या म्युझियममध्ये पण आहेत. मेंढरू अकलेने कमी आहे असं यात कुठंच दिसत नाही, त्याला कुणीतरी जवळ घेतलंय एवढंच दिसतं.

उत्तर ३:
त्याला बायबलमधल्या दावीद राजाचं सांगा ना. स्वतः मेंढपाळ, कोकरासाठी सिंह आणि अस्वल मारलेला माणूस, आणि २३ व्या स्तोत्रात तोच म्हणतो "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे". मेंढरू काय असतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत, तरी स्वतःला मेंढरू म्हणवून घेतो. माझी आई शेवटी कुणाला ओळखत नव्हती, पण हे स्तोत्र सुरू केलं की "तुझी आकडी व तुझी काठी" इथपासून ओठ हलायचे तिचे. मला तेव्हा कळलं आवाज ओळखणं म्हणजे काय.

प्रश्न विचारणारी:
वाचून डोळे भरले. रविवारी मुलांचे डोळे बांधून प्रत्येकाच्या आईला मागून नावाने हाक मारायला लावणार आहे, त्या मुलाला पहिला उभा करते.