६ व्होल्टच्या जुन्या गाडीला एलईडी: सुरुवात कुठून करू?

प्रश्न: वडिलांची जुनी ब्रिटिश मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणतोय. ६ व्होल्टचा डायनॅमो, बॅटरीचा प्लस चासीला. वायरींवरचं कापडी वेष्टण हात लावला की भुगा होतं. रात्री हेडलाइट पिवळट, मिणमिणता. नुसता एलईडी बल्ब टाकून भागेल का?

उत्तर: नाही भागणार. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर ओढतो. कुजक्या वायरी आणि गंजके स्विच यांतच व्होल्टेज पडतं. आधी नवी, जाड वायर टाका, बॅटरीजवळ फ्यूज द्या. हेडलाइटला अर्थची, म्हणजे चासीला जोडणारी, स्वतंत्र वायर हवीच. हँडलच्या बेअरिंगमधून मिळणाऱ्या अर्थवर अजिबात विसंबू नका. आणि एलईडी पॉझिटिव्ह अर्थला (तुमच्यासारखा प्लस चासीला) चालणाराच घ्या, उलटा जोडलेला जळूही शकतो.

प्रश्नकर्ता: दादा, सरळ १२ व्होल्ट करू का? डायनॅमो मात्र मूळचाच ठेवायचाय.

उत्तर: जरूर करा. डायनॅमोचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतो. बॅटरी, बल्ब, हॉर्न बदलावे लागतील. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारा) असेल तर इग्निशनला हातच लावू नका. चार्जिंग जरा वरच्या आरपीएमला सुरू होईल, पण एलईडी खातात कमी, त्यामुळे निभतं.

आणखी एक उत्तर: इंडिकेटरही एलईडी करणार असाल तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) इलेक्ट्रॉनिक घ्या. एलईडी ओढतात तेवढा कमी करंट जुन्या फ्लॅशरला चालायला पुरत नाही.