मदत हवी आहे: म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतलं एमएमपी-९ (पेशींभोवतीची प्रथिनं तोडणारं एन्झाइम) नेमकं कुठल्या पेशींचं?

२४ महिन्यांच्या उंदरांचा मेंदू, १८ टक्के डेक्स्ट्रानमध्ये सेंट्रिफ्यूज, मग ४० मायक्रॉनची जाळी; जाळीवर उरलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जिलेटिन झायमोग्राफी (जेलमधलं जिलेटिन कुठे पचलं यावरून एन्झाइम दाखवणारी चाचणी). एमएमपी-९ चा पट्टा ३ महिन्यांच्या उंदरांपेक्षा बराच ठळक, क्लॉडिन-५ (रक्तवाहिनीच्या पेशींचे सांधे घट्ट ठेवणारं प्रथिन) मात्र कमी. नमुने उकळलेले नाहीत, डीटीटी (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) नाही, ईडीटीएही नाही (तो जस्त-कॅल्शियम ओढून घेतो, एन्झाइम मरतं).

शंका न्यूट्रोफिलची (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आहे. त्यांच्या कणिकांत एमएमपी-९ तयारच असतं, त्यामुळे सलाइन परफ्यूजन (मेंदूतलं रक्त धुऊन काढणं) अर्धवट राहिलं तरी पेरिसाइटमधला (सूक्ष्म रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या पेशी) एमएमपी-९ वाढवणारा सायक्लोफिलिन ए-एनएफ कप्पा बी मार्ग जागा झाल्यासारखं दिसणार. मायलोपेरॉक्सिडेजचा (न्यूट्रोफिलमधलं एन्झाइम) वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखणारी चाचणी) पुरेल, की पीडीजीएफआर-बीटा या पेरिसाइटच्या ओळखचिन्हावर पेशी वेगळ्या करून आरएनए मोजायचा? सीडी१३ (पेरिसाइटचं दुसरं ओळखचिन्ह) सुचवू नका, तो न्यूट्रोफिलवरही असतो. वेगळ्या करायच्या तर म्हाताऱ्या ऊतीला कोलॅजिनेज (ऊती सैल करून पेशी सुट्या करणारं एन्झाइम) किती वेळ द्यावं?