तेजोवध की पाणउतारा?

कोरडवाहू: महाभारताच्या कर्णपर्वातल्या, कर्ण आणि त्याचा सारथी शल्य यांच्या भांडणाचं अभिवाचन बसवतोय. संहितेत मी 'शल्याने कर्णाचा तेजोवध केला' असं लिहिलं. दिग्दर्शक म्हणतात, प्रेक्षकांना कळणार नाही, 'पाणउतारा' करा. मला तो शब्द फारच घरगुती वाटतो. काय करू?

खोडरबर: तेजोवधच ठेवा. उद्योगपर्वात युधिष्ठिर शल्याकडे हेच मागतो, 'तेजोवधश्च ते कार्यः'. हे करू नये हेही त्याला कळतं, तरी मामाला गळ घालतोच. मूळ शब्द हाताशी असताना दुसरा कशाला?

मधली आळी: अहो, पाणउताऱ्यातलं पाणी माठातलं नाही! मोत्याचं पाणी, तलवारीचं पाणी, पाणीदार घोडा. पाणी म्हणजे तेजच. तुमचा तेजोवध मराठीत आला, एवढंच.

खोडरबर: व्युत्पत्ती गोड आहे, वापराचं काय? माझ्या आत्याचा पाणउतारा लग्नाच्या पंगतीत झाला, जिलबी दुसऱ्यांदा मागितली म्हणून. कर्णाला त्या पंगतीत बसवू नका.

निवांत: पंगत तर हवीच, पाणउतारा चारचौघांतच होतो. इथे रथात दोघंच आहेत.

मधली आळी: दोघंच कुठे? दुर्योधनाला मध्ये पडून त्यांना आवरावं लागलं. आणि ती हंस-कावळ्याची गोष्ट आठवा. वैश्याच्या पोरांच्या उष्ट्यावर माजलेला कावळा, उडण्याचे 101 प्रकार येतात म्हणून हंसाशी पैज लावतो आणि समुद्रावर दमून गटांगळ्या खातो. कौरवांच्या अन्नावर वाढलेल्याला हे ऐकवणं म्हणजे पाणउतारा नाही तर काय?

टवाळ: 'शल्याने कर्णाला ट्रोल केलं.' विषय संपला.

खोडरबर: कृपा करा.

साखरझोप: मग स्वयंवरात द्रौपदी 'सूताला वरणार नाही' म्हणते, तो काय म्हणायचा?

निवांत: भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मुख्य संहितेत ते वाक्यच नाही.

साखरझोप: कीर्तनांत आहे, लोकांना तेच माहीत. पण बाईने नाही म्हटलं की पुरुषाचं पाणी उतरलं, असं का धरायचं? भीष्माने सोडल्यावर अंबा शाल्वाकडे गेली. दुसऱ्याने जिंकून नेलेली नको, म्हणून त्याने परत पाठवली. तिथे मात्र आपण नुसतं 'झिडकारलं' म्हणतो. अंबेला तेज नव्हतं?

मधली आळी: तिथे 'अव्हेरलं' बरं. झिडकारणं भिकाऱ्याला.

खोडरबर: 'अव्हेर' अवहेलनेतूनच आला असेल का?

कोरडवाहू: मंडळी, संध्याकाळी तालीम आहे हो.

टवाळ: आणि लग्नातल्या 'अहेरा'शी त्याचं काही नातं?